इन्स्टंट गिझर: निवड, फिटिंग, सर्व्हिसिंग आणि धंद्याचा एक न मोडायचा नियम



व्हिडिओमध्ये हिशेब जरा भरभर झाला, म्हणून इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या सेलूत, किंवा मानवत, जिंतूर, पाथरीसारख्या कुठल्याही गावात, दिवाळी झाली की एक प्रश्न घराघरात निघतो. "यंदा गिझर घ्यायचा का?" परभणीची थंडी तुम्हाला मी काय सांगू? कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो. स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी पहाटे हात घालू देत नाही. दिवाळी ते महाशिवरात्र असा हा सीझन.

आता तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल, प्लंबर असाल, आयटीआय करून नुकतेच बाहेर पडला असाल, तर पहिला विचार येतो की गिझरचं दुकान टाकू. थांबा. गिझरचा भाव गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाईलवर बघतं. डब्यावरच्या मार्जिनमध्ये तुम्ही ऑनलाइनशी जिंकणार नाही. पण ऑनलाइनवाला एक गोष्ट करू शकत नाही. तो त्या घरात जाऊन टाकी किती उंच आहे, वायर किती जाड आहे आणि बाथरूमला हवा कुठून येते हे बघू शकत नाही. तुमचा धंदा तिथे आहे. डबा विकू नका, जागा तपासण्याचे आणि नीट बसवण्याचे पैसे घ्या.

आणि त्यात एक नियम आहे जो कितीही गिऱ्हाईकं गेली तरी मोडायचा नाही. तो पुढे सांगतो, कारण तो कळायला आधी गणित कळावं लागतं.

इन्स्टंट म्हणजे नेमकं काय?

साठवणीच्या गिझरमध्ये १०, १५, २५ लिटरची टाकी असते. पाणी आधी तापतं, मग वापरायचं. इन्स्टंटमध्ये पाणी वाहता वाहता तापतं. बाजारात याचे दोन प्रकार चालतात.

१. इलेक्ट्रिक इन्स्टंट: बहुतेक १ किंवा ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा. खरं तर यात छोटी टाकी असतेच, पण ती रिकामी व्हायला वेळ लागत नाही. त्यानंतर येणारं पाणी कॉइल जेवढं तापवेल तेवढंच.

२. गॅस गिझर: यात टाकी नाही. तांब्याच्या नळ्यांखाली बर्नर असतो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा ढकलला जातो, सेलवर ठिणगी पडते आणि ज्योत पेटते. नळ बंद, ज्योत बंद.

गिऱ्हाइकाला पटेल असं गणित

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. यावरून एक सोपा नियम निघतो. ३ किलोवॅटच्या गिझरसाठी ४३ हा आकडा पाठ करा. ४३ ला जितके अंश तापवायचं तितक्याने भागा, म्हणजे मिनिटाला किती लिटर मिळेल ते कळतं.

थंडीत पाणी १५ अंशांचं आहे आणि आंघोळीला ४० अंशांचं हवं आहे. वाढ २५ अंश. ४३ भागिले २५, म्हणजे मिनिटाला १.७ लिटर. १५ लिटरची बादली भरायला साधारण ९ मिनिटं.

हे विक्रीआधी सांगा. नाहीतर गिऱ्हाईक नळ पूर्ण सोडतं, कोमट पाणी येतं आणि म्हणतं, "गिझर खराब निघाला." गिझर खराब नसतो, त्याची ताकद तेवढीच असते. शॉवरखाली उभं राहायचं असेल तर ३ किलोवॅटचा इन्स्टंट त्यांच्या कामाचा नाही, हे तोंडावर सांगा.

व्होल्टेज कमी असेल तर आणखी गंमत. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळत असेल तर ३ किलोवॅटचा गिझर साधारण १.८ किलोवॅटचा होतो. ९ मिनिटांची बादली १५ मिनिटांवर जाते. म्हणून व्होल्टेज दुपारी मोजू नका. सकाळी सहा ते आठमध्ये, शेजारच्या मोटरी चालू असताना मोजा.

६ लिटरचा गॅस गिझर पाण्याला साधारण १० किलोवॅट उष्णता देतो, म्हणजे इलेक्ट्रिकच्या तिप्पट. त्याची बादली तीनेक मिनिटांत भरते. म्हणूनच लोकांना तो आवडतो.

खर्चाचं बघू. वर सांगितलेल्या एका बादलीला साधारण ०.४४ युनिट वीज किंवा ४० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. पाच माणसांचं घर, रोज पाच बादल्या, महिन्याला १५० बादल्या. म्हणजे ६६ युनिट वीज किंवा सहा-सव्वासहा किलो गॅस. आजचा युनिटचा दर आणि सिलिंडरचा भाव गिऱ्हाइकासमोर मांडा. उदाहरणार्थ, युनिट ८ रुपये धरलं तर ५२८ रुपये. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपये धरला तर ३९० च्या आसपास. आणि एक गोष्ट विसरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो. ज्यांचं बिल ९० युनिटचं आहे, त्यांचे हे ६६ युनिट बहुतेक वरच्या दरात जातात.

म्हणजे गॅस स्वस्त, गॅस जलद. मग सगळ्यांना गॅसच बसवायचा का? इथेच तो नियम येतो.

आजीचा बंब आठवतो का?

तांब्याचा बंब. मधून नळकांडं, खाली पऱ्हाट्या-तुराट्या पेटलेल्या आणि वर धूर. हा बंब कुठे असायचा? अंगणात, नाहीतर न्हाणीच्या बाहेर ओट्यावर. गरम पाणी बादलीने आत जायचं. विस्तव कधी आत गेला नाही. आजीने रसायनशास्त्र शिकलं नव्हतं, पण धूर डोळ्यांना झोंबतो एवढं तिला कळत होतं.

आपण काय केलं? तोच विस्तव पांढऱ्या पेटीत घातला आणि चार बाय सहाच्या बाथरूममध्ये नेला. दाराला कडी, खिडकी थंडीमुळे बंद. धूर दिसत नाही, म्हणून वाटतं की धूर नाही.

आता गणित करा. ६ लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर दहा मिनिटं चालला तर १६० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. तेवढा गॅस जळायला जवळपास २ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत असते. म्हणजे दहा मिनिटांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवेतला ऑक्सिजन ज्योतीने खाल्ला. पाठोपाठ दुसरा माणूस आंघोळीला गेला की हिशेब अजून बिघडतो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. लोक म्हणतात, "गॅस लीक झाला तर वास येतोच की." येतो, कारण एलपीजीमध्ये वास मुद्दाम घातलेला असतो. पण जळून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये तो वास उरत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. पायातलं बळ जातं, आणि कडी उघडायची म्हटलं तरी हात उचलत नाही.

हे काही घाबरवायला सांगत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये, होळीच्या दिवसांत, मुंबईत घाटकोपरला एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं आणि संशय गॅस गिझरच्या वायूवर गेला. डॉक्टरांच्या लिखाणात तर 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच पडलेलं आहे.

म्हणून नियम: गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. गिझर बाहेर, गरम पाण्याचा पाइप आत.

सेलूत हे अवघड नाही. मुंबईच्या फ्लॅटसारखी आपली अडचण नाही. आपल्याकडे बहुतेक घरांना मागची भिंत आहे, परस आहे, गॅलरी आहे, छज्जा आहे. छज्ज्याखाली, पाऊस आणि थेट वारा लागणार नाही अशी जागा बघा.

"एक्झॉस्ट फॅन लावतो की!" असं म्हणणारे भेटतील. फॅन हवा ओढतो, पण दार-खिडकी बंद असेल तर नवी हवा येणार कुठून? कधी कधी तर तो गिझरचा वर जाणारा धूरच परत खाली खेचतो. फॅन हा गिझर आत ठेवण्याचा परवाना नाही. ज्या घरात बाहेर जागाच नाही, त्यांना इलेक्ट्रिक सुचवा.

निवड करताना तीन प्रश्न: पाणी, वीज, हवा

गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर आधी ब्रँडचं नाव काढू नका. हे तीन प्रश्न वहीत लिहा.

*पाणी.* एक लिटरची बाटली बाथरूमच्या नळाखाली धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. २० सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला ३ लिटर. गॅस गिझर पेटायला किमान दाब लागतो, तो बॉक्सवर लिहिलेला असतो. १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. बॉक्सवर ०.२ बार असेल तर गिझरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत निदान २ मीटर उंची पाहिजे, आणि पाइपच्या वळणांसाठी थोडी जास्तच. बाथरूमच्याच स्लॅबवर टाकी ठेवलेली असेल तर ज्योत पेटते-विझते, आणि तक्रार तुमच्याकडे येते.

बोअरचं पाणी आहे का तेही विचारा. साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या बुडाला पांढरी खपली बसते, म्हणजे पाणी जड. तेच क्षार कॉइलवर आणि तांब्याच्या नळीत बसणार. अशा घरी सर्व्हिसिंग लवकर लागेल, हे विक्रीच्या दिवशीच सांगून ठेवा.

*वीज.* ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. वीजबिलावर 'मंजूर भार' बघा. तो एक किलोवॅट असेल तर आधी भार वाढवायचा अर्ज, मग गिझर. मीटरपासून येणारी वायर, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि अर्थिंग, हे तिन्ही तपासा. साडेचार किलोवॅटचं मॉडेल जवळपास २० अँपिअर ओढतं. त्याला साधा १६ अँपिअरचा प्लग चालत नाही.

*हवा.* गॅस असेल तर बाहेर जागा आहे का? नसेल तर गॅसचा विषय तिथेच संपला.

आणि आयएसआय मार्क बघा. गॅस गिझरचं भारतीय मानक आयएस १५५५८. मार्क नसलेला स्वस्त डबा गिऱ्हाइकाने आणून दिला तर हात लावू नका. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, "बसवला कुणी?" नाव तुमचं निघतं.

फिटिंग: इलेक्ट्रिक

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. तुमच्याकडे परवाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी भागीदारी करा.

- गिझरसाठी थेट बोर्डातून वेगळी लाइन ओढा. ३ किलोवॅटला तांब्याची किमान अडीच एमएम वायर. अंतर लांब असेल किंवा साडेचार किलोवॅट असेल तर चार एमएम.
- स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो.
- अर्थिंग खरी आहे का ते मोजा. काही ठिकाणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिलेलं असतं. न्यूट्रल तुटला की गिझरच्या बॉडीत करंट येतो. असं दिसलं तर ते सुधारल्याशिवाय गिझर चालू करायचा नाही.
- स्विच ओल्या हाताला लागणार नाही अशा जागी, शक्यतो बाथरूमच्या बाहेर.
- गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी नको, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा जीआय वापरा.
- आधी पाणी, मग वीज. नळातून सलग धार आल्यावरच स्विच टाका. कोरडी कॉइल काही सेकंदांत जळते.

फिटिंग: गॅस

- बाहेर, डोक्याच्या उंचीला, सरळ उभा. वरच्या धुराच्या तोंडापाशी कपडे, प्लास्टिक पत्रा, वायर नको. जवळ खिडकी असेल तर धूर घरात शिरणार नाही इतकं अंतर ठेवा.
- आयएसआय मार्कची सुरक्षा होज वापरा. हिरवा-नारंगी साधा पाइप नको. क्लिप दोन्ही टोकांना.
- जोडणीवर साबणाचं पाणी लावून फुगे बघा. काडी पेटवून लीक तपासणारा माणूस कारागीर नव्हे.
- गरम पाण्याचा पाइप जितका आखूड तितकं चांगलं. लांब असेल तर त्यावर इन्सुलेशनची नळी चढवा.
- ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर हवा किंवा बर्नर यात दोष आहे. तसाच सोडून जाऊ नका.

जाताना घरातल्या सगळ्यांना, विशेषतः सकाळी पहिलं पाणी तापवणाऱ्या ताईंना किंवा आजींना, चालू-बंद करून दाखवा.

सर्व्हिसिंग: इथे दुसऱ्या वर्षाची कमाई आहे

गिऱ्हाइकाने करायचं: महिन्यातून एकदा पाणी येण्याच्या तोंडाची जाळी काढून धुवायची. गॅसवाल्यांनी ज्योतीचा रंग बघायचा. उन्हाळ्यात गिझर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते गळून खोकं खराब करतात. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

तुम्ही करायचं: दसऱ्याच्या आधी वार्षिक सर्व्हिसिंग. वीज बंद किंवा रेग्युलेटर बंद, पाणी बंद, मग काम. क्षार काढायला एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत. छोट्या पंपाने नळीतून अर्धा तास फिरवा, मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही वापरू नका, ते धातूच खातं. गॅस गिझरमध्ये बर्नरची भोकं आणि तांब्याच्या पट्ट्यांमधली काजळी ब्रशने काढा. होजवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. वॉरंटी चालू असेल तर खोलण्याआधी कार्ड वाचा.

आता पैशाचं. समजा पहिल्या हिवाळ्यात तुम्ही ४० गिझर बसवले. तपासणीसह फिटिंगचे ६०० रुपये धरले तर २४ हजार. पाइप, वायर, आरसीसीबीवरचं मार्जिन वेगळं. पुढच्या सप्टेंबरमध्ये त्याच ४० घरांत ३५० रुपयांची सर्व्हिसिंग, म्हणजे १४ हजार, तेही सीझन सुरू व्हायच्या आधी. हे काही लाखांचं स्वप्न नाही. पण प्रत्येक घर तुम्हाला पुढची एक-दोन घरं देतं. आणि त्याच ४० घरांना उन्हाळ्यात कूलरची मोटर, पंप, वाळा बदलून पाहिजे असतो. मल्टिमीटर तोच, ड्रिल तीच, ओळख तीच. एका वहीत नाव, तारीख, मॉडेल, पाण्याचा प्रकार आणि पुढची सर्व्हिसिंग कधी, एवढं लिहा. हीच वही तुमचं दुकान.

"नाही" कसं म्हणायचं?

सगळ्यात अवघड भाग हा. समोरचे काका म्हणतील, "अहो, गल्लीत सगळ्यांच्या आतच बसवलाय. तुमचंच काय वेगळं?"

भांडू नका. एवढंच म्हणा, "काका, पाइपाचे अजून सात-आठशे रुपये लागतील, पण मी बाहेरच बसवून देतो. तुमच्याकडं नातवंडं आंघोळीला जातात. आत बसवून मला रात्री झोप लागणार नाही."

काही जण ऐकतील. काही जण दुसऱ्याला बोलावून आत बसवून घेतील. त्या दिवशी तुमचे सहाशे रुपये गेले. जाऊ द्या. पण जाताना दोन गोष्टी फुकट सांगून या. एक, बादली आधी भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडी टाकून हवा खेळू द्या, मगच आंघोळीला आत जा. दोन, कुणाला गरगरलं किंवा आतून आवाज आला नाही तर लगेच दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

जुन्या घरात सर्व्हिसिंगला गेलात आणि गिझर आत दिसला, तर साफ करून पैसे घेऊन निघू नका. आधी बाहेर काढायचा विषय काढा. तेच तुमचं पुढचं काम आहे, आणि त्या घराचं सगळ्यात महत्त्वाचं कामही.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. सुरुवात स्वतःच्या घरापासून. बाटली घ्या, सेकंद मोजा, वीजबिलावरचा मंजूर भार बघा आणि गिझर कुठे आहे ते बघा. मग शेजारची दोन घरं. तीन घरांची नोंद झाली की तुमच्या वहीचं पहिलं पान भरलं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काम चोख करा, हिशेब रोज लिहा.